कोपराखालचा हात

"डॉक्टरीणबाई, पोरीची बोटं बघा की एकदा."

मालननं माझ्या पांढऱ्या कोटाची बाही धरून ठेवली होती. आम्ही राउंड संपवून वॉर्डातून बाहेर पडत होतो. अण्णा माझ्या पुढं होते आणि त्यांच्या कानावर हे गेलं होतं. ते वळले नाहीत. चालता चालताच म्हणाले, "हाड मोडलंय म्हटल्यावर बोटं सुजणारच. हात उशीवर उंच ठेवा."

"पर ती लई कळवळतीया, डॉक्टरसाहेब. सकाळी एवढी न्हवती कळवळत."

"लाडावलंय पोरगं. सिस्टर, एक इंजेक्शन देऊन टाका." आणि ते ओपीडीत शिरले.

अण्णा म्हणजे माझे वडील, डॉ. आदिनाथ उपाध्ये. मिरजेपासून जीपनं तासभर लांब असलेल्या आमच्या तालुक्याच्या गावात हॉस्पिटल म्हटलं की त्यांचंच. बाळंतपणं, अपेंडिक्स, मोडलेली हाडं, सगळं तेच बघायचे. लोक त्यांच्या पाया पडायचे आणि ते पडू द्यायचे. मी त्या वर्षी डॉक्टर होऊन, मिरजेला हाडांच्या विभागात सहा महिने काम करून घरी आले होते. पुढचं शिक्षण सुरू होईपर्यंत अण्णांच्या हाताखाली राहायचं असं ठरलं होतं. ठरलं होतं म्हणजे त्यांनी ठरवलं होतं.

मालन द्राक्षबागेत मजुरीला जायची. तिची सुवर्णा दुसरीत होती. त्या दिवशी सकाळी आई घडांच्या विरळणीच्या कामात असताना ही द्राक्षाच्या मांडवाच्या तारेला लोंबकळत झोके घेत होती. हात सुटला आणि पोरगी पालथी पडली, तळहात टेकून. सगळा भार कोपरावर आला. एक्स-रेत दिसत होतं, कोपराच्या लगेच वर दंडाचं हाड मोडलं होतं आणि खालचा तुकडा मागं सरकला होता. लहान मुलांत हे नेहमी बघायला मिळतं. अण्णांनी तिला भूल देऊन हाड ओढून बसवलं, कोपर पुरतं दुमडलं आणि काखेपासून तळव्यापर्यंत प्लास्टर घातलं. काम त्यांनी सुरेख केलं होतं. हे मी आजही म्हणेन. नंतरच्या एक्स-रेत हाड जिथल्या तिथं बसलेलं होतं.

पण एक्स-रेत रक्त दिसत नाही.

मी मालनबरोबर परत वॉर्डात गेले. सुवर्णा भिंतीकडं तोंड करून पडली होती, केसाला लाल रिबीन, पायाला बागेतला चिखल तसाच वाळलेला. प्लास्टरच्या तोंडातून बाहेर आलेली बोटं फुगली होती आणि त्यांच्यावर एक निळसर, मेणासारखी कळा होती. मी नखावर दाब देऊन सोडला. गुलाबी रंग यायला हवा तो येईना.

"सुवर्णा, बोटं हलव बघू."

बोटं जराशी थरथरली.

"दुखतंय का?"

"लई."

"कुठं? कोपरात?"

तिनं मान हलवली. "हितं," म्हणून तिनं चांगल्या हातानं प्लास्टरच्या मधल्या भागावर बोट ठेवलं. मनगट आणि कोपर यांच्या मध्ये, जिथं काहीच मोडलेलं नव्हतं.

मी तिचं मधलं बोट चिमटीत धरलं आणि हलकेच, अगदी हलकेच, सरळ केलं. पोरगी अशी किंचाळली की शेजारच्या खाटेवरची म्हातारी उठून बसली.

मिरजेला आमचे कासार सर आम्हांला सांगायचे, की कोपराच्या या फ्रॅक्चरमध्ये हाडाला भिऊ नका, हाडाच्या पुढून जाणाऱ्या रक्तवाहिनीला भ्या. कोपराच्या खोबणीतून एक मोठी रक्तवाहिनी खाली हाताकडं जाते, तिच्याजवळूनच नसही जाते. वर हाड मोडलेलं, आत सूज वाढतीय, कोपर दुमडलेलं आणि बाहेरून प्लास्टरचं कवच. सूज बाहेर जाऊ शकत नाही, मग ती आतच दाबते. कोपराखालच्या स्नायूंना रक्त मिळेनासं होतं. ते आधी कळवळतात. बोट सरळ केलं की ताणले जातात म्हणून पेशंट ओरडतो. मग हळूहळू ते मरतात. त्याला फार वेळ लागत नाही. सकाळी आलेल्या मुलीच्या बाबतीत संध्याकाळपर्यंत सगळं संपलेलं असतं. मेलेला स्नायू आखडून दोरीसारखा होतो आणि बोटं कायमची आत ओढून घेतो.

मी ओपीडीत गेले. शेवटचा पेशंट बाहेर पडत होता.

"अण्णा, प्लास्टर फोडायला हवं. बोट सरळ केलं की ओरडतेय. नखात रक्त परत येत नाही."

त्यांनी चष्मा पुसला. "नाडी बघितलीस?"

"प्लास्टरमुळं हाती लागत नाही. आणि नाडी लागली तरी—"

"त्रिशला," ते म्हणाले, "तू मिरजेत सहा महिने काढलेस. मी इथं तीस वर्षं हाडं बसवतोय. कोपर सोडलं की हाड सरकणार. मग त्या पोरीचं कोपर जन्मभर वाकडं राहणार. ते कोण निस्तरणार, तू?"

"वाकडं कोपर नंतर सरळ करता येतं."

"जेवायला चल," अण्णा म्हणाले. आणि मी हलत नाही हे बघून ते एकटेच गेले. घर हॉस्पिटलच्या मागंच होतं.

मी वॉर्डात आले तेव्हा मार्था सिस्टर सुईचा ट्रे घेऊन बाहेर येत होत्या. "शांत झाली बघा इंजेक्शननं," त्या म्हणाल्या.

सुवर्णा खरंच शांत झाली होती. मालनच्या चेहऱ्यावर जरा बरं वाटल्याचं दिसत होतं. मी पोरीच्या करंगळीला चिमटा काढला. तिनं वळूनही बघितलं नाही.

"सुवर्णा, आत्ता मी काय केलं?"

"काय न्हाई," ती म्हणाली.

बोटं बधिर होत चालली होती. ती शांतता मला त्या किंकाळीपेक्षा भयानक वाटली.

मी घरी फोन लावला. आईनं उचलला. "जेवतायत गं ते, आमटी वाढतेय," म्हणाली. मी म्हटलं, फोन दे त्यांना. अण्णांनी माझं बोलणं पुरतं ऐकूनही घेतलं नाही. "माझ्या प्लास्टरला हात लावायचा नाही," म्हणाले आणि फोन ठेवला. माझ्या प्लास्टरला. पोरीच्या हाताला नव्हे.

खरं सांगायचं तर त्या क्षणापर्यंत मला भीती वाटत होती. फोन ठेवल्याचा तो आवाज ऐकला आणि भीतीच्या जागी राग आला. असा राग मला आधी कधी आला नव्हता आणि नंतरही आला नाही.

"सिस्टर, प्लास्टरची कात्री द्या. आणि करवत."

"साहेबांना विचारल्याशिवाय मी न्हाई देणार, ताई."

"मग किल्ली द्या, मी घेते."

मार्था सिस्टरनी किल्ली कमरेलाच धरून ठेवली. वाईट बाई नव्हती ती. अण्णांनीच तिला मिरजेहून आणून नोकरी दिली होती आणि तिच्या दोन मुली शाळेत होत्या. मी गेटाकडं धावले.

गेटावर बिरूदादा असायचा. बिरू कोळेकर, आमचा वॉचमन. मी शाळेत जायला लागल्यापासून तो तिथंच होता. त्याचा उजवा हात आखडलेला होता. मनगट वाकलेलं, बोटं पंजासारखी आत वळलेली आणि कोपराखालचा भाग बाहीतसुद्धा वाळलेल्या काठीसारखा वाटायचा. त्याच्या हातामुळं त्याला कुणी कामावर घेईना म्हणून अण्णांनी घेतलं, हे गावात सगळ्यांना पाठ होतं. एका सत्काराच्या वेळी तर भाषण करणाऱ्यानं त्याला स्टेजवर बोलावून उभं केलं होतं, डॉक्टरांच्या माणुसकीचा पुरावा म्हणून.

"बिरूदादा, प्लास्टर रूमचं कुलूप तोडायचंय."

त्यानं कारण विचारलं नाही. गेटाजवळचा दगड डाव्या हातात उचलला आणि माझ्यामागं आला. एका घावात कडी निघाली.

मी करवत, कात्री घेऊन वॉर्डात आले. "मालनबाई, हे प्लास्टर मी काढतेय. आत सूज दाटलीय आणि हाताला रक्त मिळेना झालंय. नाही काढलं तर हात राहील, पण कामाचा राहणार नाही. मोठ्या साहेबांचं म्हणणं वेगळं आहे, तेही सांगते. काढू?"

मालननं पोरीच्या बोटांकडं बघितलं. "काढा," म्हणाली.

"दादा, हिचा दंड असा धर. घट्ट नको, फक्त हलू देऊ नको."

बिरूदादा खाटेच्या कडेला गुडघ्यावर बसला. डाव्या हातानं त्यानं सुवर्णाचा दंड धरला आणि उजव्या हाताचा तो आखडलेला पंजा तिच्या प्लास्टरला खालून टेकू म्हणून लावला. मी कापायला लागले. पांढरी पूड उडत होती. पोरगी आता रडत नव्हती, नुसती बघत होती.

आणि प्लास्टर कापता कापता माझी नजर त्या दोन हातांवर गेली. फुगलेली, निळसर बोटं आणि त्यांना लागूनच ती वाळलेली, वळलेली बोटं. बिरूदादानं टेकू नीट बसावा म्हणून मनगट आणखी खाली दुमडलं आणि त्याची बोटं आपोआप उघडली. मनगट वर आणलं की बोटं परत मिटली. मी मिरजेला हे बघितलं होतं. कासार सरांनी एका पेशंटचा हात हातात घेऊन आम्हां सगळ्यांना दाखवलं होतं. मेलेले स्नायू आखूड होतात. मनगट वाकवलं की त्यांना ढील मिळते, म्हणून बोटं उघडतात. दुसऱ्या कशानंही हात असा होत नाही.

मी इतकी वर्षं तो हात बघत होते. त्याच हातानं त्यानं मला शाळेच्या रिक्षात चढवलं होतं.

"दादा," मी कापणं न थांबवता विचारलं, "तुझ्या हाताला काय झालं होतं?"

"कोपर मोडलं हुतं बारकेपणी. चिंचंवरनं पडलो. अण्णांचा दवाखाना तवा नवाच हुता. त्यांनीच हाड बसीवलं." तो सहज सांगत होता, ही गोष्ट त्यानं शंभर जणांना सांगितलेली असणार. "हाड झ्याक बसलं, पर हात आखाडला. नशीब आपलं."

"प्लास्टर होतं?"

"व्हय. ह्येच्यागत."

प्लास्टर दोन्ही बाजूंनी चिरलं, आतला कापूस, त्याखालची पट्टी, सगळं कातडीपर्यंत कापलं. एक धागा ठेवला नाही. हात मोकळा झाला तसा फुगून वर आला, ताणलेली, चकाकणारी कातडी, दोन ठिकाणी फोड. मी कोपर हळूहळू सैल केलं, दुमडलेलं होतं ते अर्ध्यावर आणलं. मनगटावर बोटं ठेवून बसले. अगदी बारीक काहीतरी लागलं, मग गेलं, मग पुन्हा लागलं. पण बोट सरळ करून बघितलं तर पोरगी पुन्हा कळवळली. नुसतं प्लास्टर काढून भागणार नव्हतं. आतला दाब मोकळा करायला ऑपरेशन हवं होतं आणि ते मिरजेलाच होणार होतं.

"हे काय चाललंय?"

अण्णा दारात उभे होते. मार्था सिस्टरनी फोन केला असणार. ते ओरडले नाहीत. अण्णा कधीच ओरडत नसत. ते खाटेजवळ आले, सुवर्णाच्या हाताकडं बघितलं, आणि मग फरशीवर पडलेल्या प्लास्टरच्या तुकड्यांकडं.

"रिडक्शन घालवलंस. बसवलेलं हाड सरकवलंस."

"हात वाचवायला बघतेय."

"कुलूप तोडलंस माझ्या दवाखान्याचं." ते मालनकडं वळले. "बाई, ही माझी मुलगी आहे, शिकतेय अजून. तिच्याकडून चूक झाली. मी आता पुन्हा भूल देऊन हाड बसवतो. पैसे घेणार नाही. पोरीचा हात माझ्यावर सोडा."

मालन उठून उभी राहिली. पदर खोचला. "मला त्यातलं काय कळत न्हाई, साहेब," ती म्हणाली. "पर सकाळधरनं मी तुमास्नी बोटं बघा म्हंतीया. तुमी न्हाई बघितली. हिनं बघितली."

"तिला मिरजेला न्यायचंय," मी म्हटलं. "ॲम्ब्युलन्सची किल्ली द्या."

"ॲम्ब्युलन्स कुठं जाणार नाही. माझा पेशंट माझ्या दवाखान्यातून असा जाणार नाही. उद्या गाव काय म्हणेल?"

आणि मग माझं माझ्यावरचं नियंत्रण सुटलं. आधी ठरवलं असतं तर मी हे एकांतात बोलले असते.

"बिरूदादाच्या हाताचं गाव काय म्हणतं, अण्णा?"

ते माझ्याकडं बघत राहिले.

"त्याला प्लास्टर कुणी घातलं होतं? त्याचीही बोटं अशीच सुजली होती ना? त्याच्या आईनंही सांगितलं असेल. तुम्ही बघितली होती?"

शेजारच्या म्हातारीनं तोंडावर पदर घेतला. मला वाटत होतं ते म्हणतील, काहीतरी बडबडू नकोस. ते म्हणतील, तेव्हाची गोष्ट वेगळी होती. त्यांनी यातलं काहीही म्हटलं नाही. ते म्हणाले, "बिरू, तू बाहेर जा."

बिरूदादा अजून गुडघ्यावर बसलेला होता. त्यानं माझ्याकडं बघितलं, मग अण्णांकडं. मग सुवर्णाच्या खाली दोन्ही हात घालून तिला उचललं, आखडलेला हात तिच्या गुडघ्यांखाली आणि चांगला पाठीशी, आणि तो खरंच बाहेर गेला. पोरीला घेऊन.

रस्त्यावर मिरजेच्या बाजूला जाणारी एक वडाप जीप भाड्याची माणसं भरत उभी होती. बिरूदादा तिच्यापुढं जाऊन उभा राहिला. "उतरा सगळी!" असा आवाज मी त्याच्या तोंडून कधी ऐकला नव्हता. "पोरीचा हात चाललाय, उतरा म्हंतो न्हवं!" लोक कुरकुरत उतरले. एक जण काही बोलायला लागला तर मालननं त्याच्याकडं असं बघितलं की तो गप्प झाला.

मी मागं बसले, सुवर्णा मालनच्या मांडीवर. तिचा हात मी माझ्या दोन्ही तळव्यांवर तिच्या छातीच्या पातळीला धरून ठेवला होता, ना वर ना खाली. दर थोड्या वेळानं मी तिला बोटं हलवायला लावत होते. बिरूदादा समोरच्या बाकावर होता. बराच वेळ तो बाहेर बघत होता.

"ताई," शेवटी तो म्हणाला, "आत तुमी काय म्हनाला, ते मला नीट सांगा."

मी सांगितलं. जीपच्या खडखडाटात मला मोठ्यानं बोलावं लागत होतं, त्यामुळं ड्रायव्हरही ऐकत होता. रक्तवाहिनी कुठून जाते, सूज कशी कोंडते, स्नायू कसे मरतात, सगळं.

"म्हंजे हाड मोडल्यानं न्हाई झालं."

"नाही."

"नशिबानं बी न्हाई."

"नाही, दादा."

"तवाच ते कापलं असतं तर?"

मी सुवर्णाच्या बोटांकडं बघत म्हटलं, "बहुतेक वाचला असता."

तो हसला. ते हसणं फार वाईट होतं. "माझी आय सारा दीस त्यांच्या खोलीच्या दारात बसली हुती. अण्णा भायेर आलं की उठून म्हनायची, लेकरू वराडतंय. त्यांनी काय म्हनलं ठावं हाय? म्हनलं, लाडावलंय पोरगं." त्यानं उजवा पंजा डाव्या मुठीत धरला आणि दाबला. "मी आयवर चिडायचो ताई. मोठा झाल्यावर. म्हनायचो, तू माझी काळजी घितली न्हाईस. आज ती न्हाई." त्यानं मूठ सोडली. मग म्हणाला, "आनि मी रोज सकाळी त्यांच्या गाडीचं दार उघडतुया."

मिरजेला कासार सर स्वतः आले. त्यांनी बोट सरळ करून बघितलं, माझ्याकडं एकदा बघितलं आणि पोरीला लगेच ऑपरेशनला घेतलं. मी आत उभी होते. त्यांनी कोपराखालपासून मनगटापर्यंत कातडी आणि त्याखालचं आवरण उघडलं, तसे कोंडलेले स्नायू बाहेर उसळले. रंग काळपट होता. ओले गरम कपडे ठेवून आम्ही वाट बघत राहिलो. मग एका कडेनं लाली यायला लागली. ती पसरत गेली. एक लहान पट्टा तेवढा तसाच राहिला. मास्कच्या आत मी रडत होते, पण आनंदानं म्हणता यायचं नाही. मला सारखा तो दुसरा हात दिसत होता, ज्याचं आवरण कुणी उघडलंच नाही.

सुवर्णाचं पुढं सगळं रीतसर झालं. हाड तारा घालून बसवलं, जखमेवर मांडीची कातडी लावली, पुष्कळ दिवस व्यायाम घेतला. कोपर पुरतं वाकतं आणि सरळ होतं. करंगळी जराशी आत राहते. परवा ती तिच्या लेकराला घेऊन माझ्याकडं आली होती आणि बोलता बोलता दोन्ही हातांनी त्याचं झबलं सोडत होती. मी नुसती बघत बसले.

पण मला सांगायचंय ते दुसऱ्या दिवशीचं.

सकाळी मी आणि बिरूदादा एसटीनं परत आलो. मी माझी बॅग घ्यायला आले होते. त्या घरात आता राहायचं नाही हे मी ठरवलं होतं. तो कशाला आला होता ते त्यानं सांगितलं नाही. बाजाराचा दिवस होता, ओपीडी भरून वाहत होती. लोक बाकांवर, पायरीवर, भिंतीकडेला बसलेले. बिरूदादा गेटावर थांबला नाही. तो खिडकीशी रांगेत जाऊन उभा राहिला.

खिडकीतल्या पोरीनं विचारलं, "बिरूकाका, तुम्ही कशाला रांगेत?"

"केसपेपर कर. हात दाखवायचाय."

त्यानं केसपेपर घेतला आणि बाकावर जाऊन बसला. मी बॅग भरून घरातून आले तरी तो तसाच बसलेला होता, खाकी सदऱ्याची उजवी बाही कोपराच्या वर दुमडून. कधी नव्हे ते मी तो हात असा उघडा बघितला. त्याचा नंबर आला तसा तो उठून आत गेला. अण्णा ओपीडीचं दार नेहमी उघडं ठेवायचे. डॉक्टर किती मन लावून तपासतात हे लोकांना दिसावं म्हणून. मी दाराशी जाऊन उभी राहिले.

"काय रे बिरू?" अण्णा म्हणाले. त्यांनी मला बघितलं आणि नजर काढून घेतली. "बस. चहा घेतलास का? त्या पोरीचं काय झालं?"

"तिचा हात वाचला. आता माझा बघा." बिरूदादानं तो हात टेबलावर ठेवला, अण्णांच्या पुढ्यात, लिहायच्या पॅडवर.

"त्याचं आता काय बघायचं, बिरू?"

"बघा तर. इतकी वर्सं मी तुमच्या दारात हाय. तुमी एकदा बी ह्यो हात हातात घितला न्हाई. सलाम घितला, डावा. दिवाळीला पेढा दिला, डाव्या हातात. ह्याला कवा शिवलाच न्हाई. मला वाटायचं किळस येत असंल साहेबास्नी." त्याचा आवाज चढत नव्हता, पण बाहेरच्या बाकांवरची कुजबुज थांबली होती. "तपासा, साहेब."

अण्णांनी इकडं तिकडं बघितलं. दार बंद करायला कुणी नव्हतं. अशी कामं एरवी बिरूदादाच करायचा. शेवटी त्यांनी तो हात हातात घेतला. मनगट दुमडलं. बोटं उघडली. सरळ केलं, मिटली. त्यांची बोटं त्या वाळक्या हातावरून कोपरापर्यंत गेली आणि तिथं थांबली. ते फार चांगले डॉक्टर होते. जुनी मोडलेली जागा त्यांना शोधावी लागली नाही.

"काय झालंय ह्याला?" बिरूदादानं विचारलं.

"बिरू, मी तुला घरच्यासारखं ठेवलं—"

"ठेवलं की. गेटावर ठेवलं. मी इचारतोय, काय झालंय?"

"स्नायू आखडलेत." अण्णांचा आवाज खोल गेला होता. "रक्तपुरवठा बंद झाल्यामुळं. प्लास्टर घट्ट झालं होतं."

"घट्ट झालं हुतं. आपोआप?"

अण्णांनी हात सोडला. ते उठले आणि आतल्या खोलीत गेले. मधला पडदा हलत राहिला. बाहेर एक तापानं फणफणलेलं मूल रडत होतं, त्याची आई त्याला थोपटत होती. कुणीतरी म्हणालं, "बिरू, आता सोड की." एक म्हातारा उठून पुढं आला, "आमचा बी नंबर हाय बाबा."

"बसा," बिरूदादा म्हणाला. "माझा नंबर चाललाय."

तो खुर्चीतून उठला नाही. हात तसाच टेबलावर ठेवून तो पडद्याकडं बघत बसला. म्हातारा परत बाकावर जाऊन बसला. मला वाटलं, अण्णा मागच्या दारानं घरी गेले असतील.

ते गेले नव्हते. पडदा बाजूला झाला. त्यांनी चष्मा काढून हातात धरला होता आणि त्याशिवाय ते एकदम म्हातारे दिसत होते. खुर्चीवर ते बसले नाहीत. टेबलाच्या कडेला एक हात टेकून ते बिरूदादाकडं न बघता, जमिनीकडं बघत पुटपुटले.

"मी घातलं होतं. तुझी आई सांगत होती, मी बघितलं नाही."

मी दाराशीच होते म्हणून मला ऐकू आलं. बिरूदादानं मान वळवून बाहेरच्या बाकांकडं बघितलं, भिंतीकडेला बसलेल्या, पायरीवर बसलेल्या माणसांकडं बघितलं, आणि पुन्हा अण्णांकडं.

"मागच्या बाकावरच्यास्नी ऐकू आलं न्हाई, साहेब," तो म्हणाला.